बाग ओळीने फिरणारे आबा

नरोत्तम आबा बागेत गोल फिरत नाहीत. आमच्या नदीकाठच्या जुन्या बागेत सकाळी साठ-सत्तर माणसे येतात आणि ती सगळी चालण्याच्या पट्ट्यावरून एकाच दिशेने गोल फिरतात. आबा ओळीने फिरतात. फाटकाजवळच्या पहिल्या वाफ्यापासून सुरुवात करून ते नदीच्या टोकापर्यंत जातात, वळतात, शेजारच्या ओळीतून परत येतात आणि पुन्हा वळतात. अशी पूर्ण बाग पाहायला त्यांना दीड तास लागतो. या दीड तासात ते चालण्याचा पट्टा चौदा वेळा ओलांडतात आणि बहुतेक वेळा कोणाला तरी आडवे येतात. धडकलेल्या माणसाची माफी मागण्याची गरज त्यांना कधी वाटली नाही. त्यांच्या मते चूक गोल फिरणाऱ्याची असते.

"बांधवरथीन फिरनारा मानूसले वावरनं काय समजी?" असे त्यांनी मला पहिल्याच धडकेनंतर विचारले होते. बांधाबांधाने फिरणाऱ्याला शेताचे काय कळणार, हा त्यांचा मुद्दा होता. मी तेव्हा तिसऱ्या फेरीत होतो. मी चौथी सुरू केली.

बाग ऐतिहासिक आहे, असे फाटकावरचा फलक सांगतो. इंग्रजी अमदानीत कोणा प्रांतसाहेबाने नदीच्या वळणावर ती आखली. चिंचांची दुतर्फा रांग, बँड वाजवण्यासाठी आठ खांबांचा चौथरा आणि काठाकाठाने जाणारी पायवाट एवढे त्या काळचे शिल्लक आहे. बँड इथे कधी वाजल्याची नोंद मला सापडलेली नाही. नंतरच्या काळाने बागेला सिमेंटची हरणे दिली, पेंग्विनच्या आकाराच्या कचरापेट्या दिल्या आणि गावावर प्रेम असल्याचे सांगणारी मोठी इंग्रजी अक्षरे दिली. त्यांतले एक अक्षर पेटत नाही. फलकावर 'ऐतिहासिक' हा शब्द तीनदा आहे. इतिहास एकदाही नाही.

अशा बागेला आबांसारखा माणूस मिळणे साहजिकच होते. आबा तापीकाठच्या गुजर शेतकरी घरातले. चाळीस वर्षे त्यांनी केळी, कापूस आणि ऊस केला. सहा वर्षांपूर्वी मुलाने तालुक्याच्या गावी बंगला बांधला, शेत ठेक्याने दिले आणि वडिलांना सोबत आणले. तेव्हापासून आबा रोज सकाळी सहाला बागेत हजर असतात. डोक्याला पांढरी टोपी, अंगात पैरण, खाली धोतर आणि धोतराखाली मुलाने टाकून दिलेले पोपटी रंगाचे धावण्याचे बूट. या वेशात ते बागेची पाहणी करतात आणि प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारतात.

"हाई काय देस?"

हे काय देते. बोगनवेलीपुढे उभे राहून त्यांनी हे विचारलेले मी ऐकले आहे. कारंज्यापुढे ऐकले आहे. व्यायामाच्या लोखंडी यंत्रांपुढे ऐकले आहे, आणि त्या वेळी यंत्रावर आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक उलटे लटकलेले होते. सकाळच्या हास्यमंडळापुढे तर ते रोज थांबत. एकदा मंडळातल्या डॉक्टरांनी त्यांना समजावले, "आबा, हसल्यानं रक्तदाब उतरतो."

"तुमना उतरत व्हई," आबा म्हणाले. "मन्हा तं तुमले हसतांना दखीसन चढस."

मंडळाने त्यानंतर जागा बदलली.

मलाही त्यांनी सोडले नाही. मी वार्ताहर आहे हे कळल्यावर त्यांनी विचारले, "पेपर काय देस?" मी म्हणालो, माहिती देतो. आबांनी थोडा विचार केला. "कालदिन कापूसना भाव चुकीना छापा व्हता," ते म्हणाले. मी कार्यालयात जाऊन पाहिले. भाव चुकीचा होता. त्या दिवसापासून मी आबा ज्या ओळीत असतील तिच्यापासून दूर राहू लागलो.

बाहेरगावची माणसे बाग पाहायला येतात, त्यांना मात्र आबांची ओळ टाळण्याचा इशारा मिळत नाही. अक्कलकुव्याकडून एक जोडपे लग्नाआधीचे फोटो काढायला आले होते. मुलगी जरीच्या घागऱ्यात, मुलगा कोटात, सोबत छायाचित्रकार आणि चकाकता पडदा धरणारा माणूस. चिंचांच्या रांगेत ते एकमेकांकडे पाहत उभे राहिले. आबा त्या ओळीतून येत होते. ते थांबले आणि मुलाच्या बुटांकडे पाहत राहिले.

"पाय उचला."

मुलाने पाय उचलला. त्याखाली ठिबकची नळी होती.

"तुम्ही आठे प्रेम करी ऱ्हायनात," आबा म्हणाले, "आनि तठे शेवटला झाडले पानी नही."

मग ते खाली बसले आणि नळी कुठे दबली आहे का ते हाताने चाचपत पुढे सरकू लागले. छायाचित्रकाराने काम चालू ठेवले. नंतर त्याने मला सांगितले, की अकरा फोटोंत नवरदेवाच्या मागे धोतर नेसलेला एक माणूस रांगताना दिसतो.

आबांच्या तोंडाला सर्वांत जास्त बळी पडणारा माणूस मात्र पाहुणा नव्हता. बागेत कंत्राटदाराचे चार मजूर आहेत. त्यांतला खुमान पावरा हा आबांचा जुना सालदार, म्हणजे सालाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. तो धडगावच्या वरच्या एका पाड्यावरचा, आता साठीला आलेला. एकोणतीस वर्षे आबांच्या शेतात होता. शेत ठेक्याने गेल्यावर तो या बागेत लागला आणि बायकोसह इथल्याच अवजारांच्या खोलीत राहू लागला. आबा त्याच्या ओळीत पोचले, की त्यांचा आवाज चढे.

"खुमान, पानी कोठे जाई ऱ्हायनं, तुन्हं ध्यान कोठे शे?"

खुमान उत्तर देत नसे. तो पाण्याची नळी वीतभर सरकवत असे. आबा पुढे जात, वळून शेजारच्या ओळीतून परत येत आणि पुन्हा थांबत.

"इतलं नही. जास्ती सरकाडी तू."

खुमान नळी अर्धी वीत मागे घेई. मी एकदा घड्याळ लावून पाहिले होते. दीड तासातली चाळीस मिनिटे आबा खुमानच्या आसपास असत. होळीला खुमान आठ दिवस डोंगरात जाई, तेव्हा आबा बाग अर्ध्या वेळात उरकून घरी जात. मी याचा अर्थ लावून ठेवला होता. मालकी गेली, मालकपणा गेला नाही. ते वाक्य मला इतके आवडले होते, की एखाद्या लेखात वापरायचे म्हणून लिहूनही ठेवले होते.

यंदा बागेचे पुनरुज्जीवन झाले. म्हणजे जुन्या फरशीवर नवी फरशी बसली आणि उद्घाटनाला मंत्री येणार असे ठरले. चौथऱ्यापुढे, जिथे फीत कापायची होती तिथे, पुण्याच्या रोपवाटिकेतून आणलेल्या शोभेच्या रोपांचा वाफा केला गेला. तीन रांगा, एका रांगेत चौदा ठोंब. हेलिकोनिया हे त्याचे नाव. पाने थेट केळीची, फुले लालभडक आणि चोचीच्या आकाराची. बागेचे पर्यवेक्षक सोनवणे हे कंबरेला वॉकीटॉकी लावून फिरणारे तरुण गृहस्थ आहेत. वॉकीटॉकीच्या दुसऱ्या टोकाला कोण असते हे मला अद्याप कळलेले नाही. त्या वाफ्याचा त्यांना मोठा अभिमान होता.

आबांना तो वाफा पाहवेना. केळीच्या बुंध्याभोवती फुटणारी पिले वेळच्या वेळी कापायची आणि जागेवर एकच झाड ठेवायचे, नाहीतर घड भरत नाही, हे तापीकाठच्या कोणत्याही माणसाला सांगावे लागत नाही. आणि इथे प्रत्येक ठोंबाला सात-सात, आठ-आठ पिले होती. आबा केळीला केयी म्हणतात.

"हाई केयीनं वावर शे का गवतनं कुरन?" त्यांनी सोनवण्यांना विचारले. "एक खुंट, एक झाड. बाकीना पिलं कापा."

सोनवण्यांनी समजावले, की ही केळी नव्हे. हिला घड येत नाही. फुले येतात आणि ती या पिलांनाच येतात.

"घड येत नही, मंग मोठं कसाले व्हवा देतस?"

सोनवण्यांनी तीन आठवड्यांत हे चार वेळा समजावले. आबांनी चारही वेळा ऐकून घेतले आणि चारही वेळा खुमानकडे वळून म्हणाले, "पिलं काप रे, खुमान. ह्या लोकेसले काय समजस." खुमानने नळी सरकवली. मी पट्ट्यावरून जाता जाता हे ऐकले आहे. सगळ्यांनीच ऐकले आहे.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी सात वाजता वाफ्यापाशी गर्दी होती. बेचाळीस ठोंबांवर बेचाळीस बुंधे उभे होते, प्रत्येक जागी एक. बाकी सर्व पिले जमिनीलगत साफ कापलेली होती आणि रांगेच्या टोकाला नीट ढीग करून ठेवलेली होती. सोनवणे वॉकीटॉकी हातात धरून उभे होते.

"कोणी केलं हे?" ते म्हणाले. "ज्यानं केलं असेल, तो आजच्या आज बागेच्या बाहेर जाईल. सामानासकट."

हास्यमंडळातले कोणी तरी म्हणाले, "विचारता काय, ओळीनं फिरणारा एकच माणूस आहे इथं." लोक हसले. मीही वहीत ते लिहून घेतले. खुमान नळी धरून कडेला उभा होता. त्याने नळी खाली ठेवली आणि तोंड उघडले. हे मला पक्के आठवते, कारण त्याआधी मी त्याला बोलताना पाहिले नव्हते.

तेवढ्यात चिंचांच्या ओळीतून आबा आले. वाफा पाहिला, ढीग पाहिला, मग खुमानकडे पाहिले.

"तू पानी धर," त्यांनी त्याला फटकारले. "आठे काय तमाशा शे?"

आणि ते सोनवण्यांपुढे जाऊन उभे राहिले.

"आबा, हे तुम्ही केलं का?"

"आठे केयी समजस असा दुसरा कोन शे?"

"म्हणजे तुम्हीच कापली?"

"दखा ना, कितलं साफ कापेल शे," आबा म्हणाले. "तुमना मानूसले जमी का?"

याला लोकांनी कबुली मानले. मीही मानले. आबांचा सकाळी फिरण्याचा पास तिथल्या तिथे रद्द झाला आणि दुपारपर्यंत फाटकावर त्यांचा फोटो लागला. खाली प्रवेश मनाई असल्याचे छापलेले होते. फोटो मोबाइलवर घाईने काढलेला होता. त्यात आबा छायाचित्रकाराला काही तरी समजावून सांगत आहेत असे दिसते.

माझी बातमी दुसऱ्या दिवशी दोन स्तंभांत आली. 'केळीच्या नादात ऐतिहासिक उद्यानाची नासधूस' असा मथळा होता. तो मीच दिला होता आणि मला तो चांगला वाटला होता. उद्घाटन ठरल्या वेळेच्या अडीच तास उशिरा झाले. मंत्र्यांनी फीत कापली, समोरच्या वाफ्याकडे पाहिले आणि आपुलकीने विचारले, "कोणत्या जातीची केळी लावली?" सोनवणे म्हणाले, "टिश्यू कल्चर, साहेब."

आबांवाचून बाग सुरळीत चालू लागली. पट्ट्यावर कोणी आडवे येईना. हास्यमंडळ जुन्या जागी परतले आणि तिथे पूर्वीपेक्षा मोठ्याने हसू लागले. बारा दिवसांनी वाफ्याचे पुढे काय झाले याची बातमी करायला मी गेलो. पोपटी रंगाची काही नवी टोके जमिनीतून वर आली होती. ती मोजत असताना मागून कोणी तरी म्हणाले, "पेपरवाला भाऊ."

खुमान होता.

"ते खोटं शे," तो म्हणाला. "पिलं मी कापात."

त्याने थोडक्यात सांगितले. त्याच्या आदल्या संध्याकाळी सोनवणे म्हणाले होते, परवा मंत्री येणार, सकाळी वाफा साफ दिसला पाहिजे. पहाटे तो विळा घेऊन बसला. आबा रोज पिले काप म्हणत होते. हात त्या कामाचा होता. उजाडेपर्यंत तिन्ही रांगा झाल्या. आपण काही चुकीचे करत आहोत असे त्याच्या मनातही आले नाही. सोनवणे ओरडले तेव्हा त्याला कळले.

"मग तू बोलला का नाहीस?"

"आबांनी मन्हाकडे असं दखं, की मी गप ऱ्हायनू." "आठे कामवर मले त्यासनीच लावं. कंत्राटदारना ओट्यावर चार दिन बठनात."

मी सोनवण्यांना विचारून खातरी करून घेतली. सहा वर्षांपूर्वी एक म्हातारा कंत्राटदाराच्या दारात चार दिवस सकाळ-संध्याकाळ बसला होता, हे त्यांनी ऐकले होते. माणसाला काम दिले तेव्हाच तो उठला. कोणत्या माणसाला, हे त्यांच्या लक्षात नव्हते. मी ते त्यांना सांगितले नाही.

बातमी चुकली तर दुरुस्ती छापायची, हे मला पहिल्या नोकरीत शिकवले गेले. मी आबांच्या घरी गेलो. बंगला मोठा आहे. फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत गुळगुळीत फरशी आहे आणि हातभरही माती मोकळी नाही. सूनबाईंनी अदबीने पाणी दिले. मी म्हणालो, आबांशी बोलायचे आहे. त्यांना जरा आश्चर्य वाटले.

"बाबा फारसं बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून असेच आहेत. आम्ही पण त्रास देत नाही."

मला वाटले, त्या थट्टा करत आहेत. त्या थट्टा करत नव्हत्या.

आबा मागच्या पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. समोर कंपाउंडची भिंत होती. पायांत चपला होत्या. मी त्यांना म्हणालो, की खुमानने सगळे सांगितले आहे, उद्या दुरुस्ती छापतो, आठवड्यात तुमच्यावरची बंदी उठेल.

"आनि त्यानं काय?"

"त्याचं सोनवणे बघतील."

"सोनवने काय दखी, ते मले मालूम शे." त्यांचा आवाज बागेतल्यापेक्षा खूप खाली होता. "सामानसकट म्हने. कोठे जाई तो? ह्या वयमा गुजरातमा ऊस तोडाले जाई का?"

"पण आबा, कापली त्यानं."

"हात त्याना व्हतात. सांगनं मन्हं व्हतं." ते भिंतीकडे पाहत म्हणाले. "एकोणतीस वरीस तो मन्हा सांगाथीनच हात चालाडस. आते साहेब बदलना, हातले कसं समजी?"

मी म्हणालो, की ते काहीही असो, छापलेली बातमी चुकीची आहे.

"ती काय तुमनी पहिली शे का?" आबा म्हणाले. मग म्हणाले, "छापशात तं मी जाईसन सांगसू, मीच कापात. मंग दखूत तुमनं कोन आयकस."

दुरुस्ती मी लिहिली. सात ओळींची होती. दोन दिवस ती टेबलावर राहिली आणि मग मी ती फाडली. बातमी आजही चुकीची आहे. फाटकावरचा फोटो उन्हाने फिका पडला आहे, पण आहे. मालकपणाबद्दलचे ते वाक्य मी कुठे वापरले नाही.

मनाई फाटकाच्या आतल्या जागेला लागू आहे. बागेच्या भिंतीबाहेर नदीत उतरणारा दगडी घाट आहे. तो कंत्राटात येत नाही, त्यामुळे तिथे कोणाचा फोटो नाही. रविवारी खुमानला सुटी असते. गेल्या रविवारी सकाळी काठाच्या पायवाटेवरून जाताना मी त्याला घाटावर बसलेला पाहिला. खालून तिसऱ्या पायरीवर तो बसला होता. थोड्या वेळाने वरच्या बाजूने आबा उतरत आले.

आमच्याकडे सालदार मालकाच्या बरोबरीने बसत नाही. मालक खाटेवर बसला तर तो जमिनीवर बसतो, मालक ओट्यावर बसला तर तो पायरीवर. आबांना पाहून खुमान उठला आणि खालच्या पायरीवर जायला निघाला.

"बठी ऱ्हाय," आबा म्हणाले. "खाले ओलं शे."

खुमान होता तिथेच पुन्हा बसला. आबा सावकाश पायऱ्या उतरले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि त्याच पायरीवर, त्याच्या शेजारी बसले. वरच्या अकरा पायऱ्या कोरड्या होत्या आणि एकीवरही कोणी नव्हते.